बागेतली छोटी आगगाडी बघायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वनस्पती उद्यानातल्या मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर मी गेले काही हंगाम स्वयंसेवक म्हणून काम करते आहे. सकाळी रूळ पुसणं, पडलेली पानं उचलणं, घसरलेले डबे पुन्हा रुळावर बसवणं आणि कठड्यापलीकडून आलेल्या प्रश्नांना उत्तरं देणं, हे माझं काम. प्रश्न बहुतेक तेच असतात, पण उत्तर अर्ध्यावर असताना गाडी येते आणि बोलणं तुटतं. म्हणून इथे सवडीने लिहिते आहे.

ही गाडी बसायची असते का?

नाही. बागेत मुलांना बसवून फिरवणारी गाडी वेगळी. ही बघायची गाडी. इंजिन वीतभर ते हातभर लांब, रुळांची रुंदी चार बोटांपेक्षाही कमी. पण ती टेबलावर नाही, खऱ्या मातीत धावते. डोंगर, घाट, बोगदे, पूल, ओढे, गावं सगळं जमिनीवर रचलेलं असतं आणि भोवतालची झाडं जिवंत असतात. घरातल्या मॉडेल रेल्वेत झाडं स्पंजाची आणि तारेची करतात. इथे ती माळी लावतो, छाटतो, पाणी घालतो आणि मेली तर बदलतो.

वनस्पती उद्यानात आगगाडीचं काय काम, असंही विचारतात. माझं उत्तर असं की हलणाऱ्या वस्तूमागे डोळा जातो. गाडी ज्या झुडपामागे दिसेनाशी होते, त्या झुडपाकडे माणूस ती परत येईपर्यंत बघत राहतो. एरवी त्या बोटभर उंचीच्या झाडापाशी कुणी वाकलंही नसतं.

कोणत्या दिवसांत जावं?

दोन प्रकार आहेत. काही उद्यानांत मांडणी उघड्यावर असते आणि गरम महिन्यांत चालू राहते. शिकागो बोटॅनिक गार्डनमधली तशी आहे. काही ठिकाणी ती हिवाळ्यापुरती, बऱ्याचदा काचघरात उभी करतात. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनचं हिवाळी प्रदर्शन 1992 पासून भरतं आहे. तिथे न्यूयॉर्कमधल्या प्रसिद्ध इमारतींच्या जवळपास 200 प्रतिकृती आणि साधारण अर्धा मैल रूळ असतात. वॉशिंग्टनच्या युनायटेड स्टेट्स बोटॅनिक गार्डनमध्येही हिवाळ्यात गाड्या धावतात आणि राजधानीतल्या इमारती झाडपाल्यातून उभ्या राहतात.

उघड्यावरची मांडणी बघायची असेल तर हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी अशी दोनदा बघावी, असं मी सांगेन. सुरुवातीला सगळं कातरलेलं, नेटकं असतं. शेवटाकडे थाईम ही बारीक पानांची सुगंधी वनस्पती रुळाच्या कडेवर आलेली असते, पुलाखाली सावली दाटलेली असते आणि गाव जुनं वाटायला लागतं. मला दुसरं रूप जास्त आवडतं.

दिवसातली कोणती वेळ चांगली?

उघडताक्षणी. गर्दी नसते, आणि कठड्यापाशी मूल उभं असेल तर त्याला मोठ्यांच्या पायांमधून बघावं लागत नाही. मात्र उघड्यावरच्या मांडणीत सकाळी रुळांवर दव असतं. चाकं घसरतात, वीजही नीट पोचत नाही, त्यामुळे पहिला अर्धा-पाऊण तास एखादी गाडी थांबलेली दिसू शकते. तिला बिघाड समजू नका.

काचघरातली मांडणी असेल तर अंधार पडण्याच्या तासभर आधी आत शिरा. घरांमधले दिवे उजेडात जाणवत नाहीत. काळोख होत जातो तसतशी एकेक खिडकी दिसू लागते. ज्यांनी हे पाहिलं आहे ते पुढच्या वर्षी त्याच वेळेला येतात.

किती वेळ काढून यावं?

गाडीपुरतं बघायचं तर वीस मिनिटं पुरतात. खरं बघायचं तर दीड तास.

या इमारती कशाच्या केलेल्या असतात?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. सगळीकडे नाही, पण नामांकित प्रदर्शनांत इमारती झाडांपासून मिळणाऱ्या वस्तूंच्याच असतात: साल, काटक्या, बिया, शेंगा, वाळकी पानं, फळांची कवचं, बुरशीचे कठीण पंखे. ही पद्धत रुजवली ती पॉल बुसी या अमेरिकन लँडस्केप आर्किटेक्टने. त्यांनी 1991 मध्ये केंटकी राज्यातल्या अलेक्झांड्रिया गावी ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ ही कार्यशाळा सुरू केली आणि न्यूयॉर्कचं प्रदर्शन पहिल्या वर्षापासून त्यांच्याच हातचं. पुढे त्यांच्या मुलीने काम हाती घेतलं.

जवळून बघताना एकच इमारत निवडा आणि तिच्यापुढे उभे राहा. आधी भिंत बघा. दगडी वाटते ती भिंत बहुतेक वेळा सालीच्या तुकड्यांची असते आणि सालीच्या भेगा उभ्या ठेवल्या आहेत की आडव्या यावर ती दगडाची दिसेल की फळ्यांची हे ठरतं. मग खांब: सरळ, गोल, एकसारख्या जाडीचे खांब दिसले तर ती दालचिनी असू शकते. छपरावरची कौलं म्हणजे पाइनच्या फळाचे सुटे केलेले खवले. घुमटाच्या टोकाला ओकच्या फळाची टोपी. कठड्याच्या लोखंडी नक्षीसारखं जे वेटोळं दिसतं तो द्राक्षवेलीचा वाळलेला ताणा. तो तसाच वळलेला मिळतो, कुणी वळवत नाही. योग्य वळणाचा ताणा सापडेपर्यंत शोधत राहायचं, एवढंच कारागिराच्या हातात असतं.

बघणाऱ्याला आधी इमारत दिसते, मग काटक्या दिसतात, मग पुन्हा इमारत दिसते. मुलं मात्र थेट काटक्या बघतात. ‘ही बी आहे’ असं पहिल्यांदा ओरडणारं नेहमी मूलच असतं.

त्या बिया खारी खात नाहीत का?

खातात. म्हणूनच बियांचं नाजूक काम शक्यतो काचघरात ठेवतात, नाहीतर त्यावर पारदर्शक लेप चढवतात. आमच्या मांडणीत एका गिरणीला सूर्यफुलाच्या बियांचं छप्पर होतं. आठवडाभर ते टिकलं. एका सकाळी मी रूळ पुसायला गेले तर छपराची खालची फळी उघडी पडली होती आणि फलाटावर सोललेली टरफलं पसरली होती. ते छप्पर करायला तीन संध्याकाळी गेल्या होत्या, वाईट वाटलंच. आता तिथे सालीची कौलं आहेत.

झाडं खरी आहेत की बोन्साय?

खरी आहेत. काही बोन्सायसारखी छाटून वाढवलेली असतात, पण बरीचशी जातीनेच खुजी असतात. त्यांची निवड हे मांडणीतलं सगळ्यात कसबी काम आहे. झाड नुसतं लहान असून चालत नाही, पानही लहान लागतं. हातभर उंचीच्या झाडाला तळहाताएवढं पान असलं की शेजारचं घर लगेच खेळण्यातलं वाटतं. म्हणून जमिनीलगत पसरणारी थाईम, बारीक पानांचं सेडम, मॉस, बॉक्सवुड आणि खुजे सूचिपर्णी वृक्ष हीच मंडळी पुन्हा पुन्हा दिसतील.

या सगळ्यांत एका झाडाची ओळख करून दिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हिरव्या शंकूसारखं, दाट, कुणी हाताने घडवल्यासारखं दिसणारं ते झाड म्हणजे ड्वार्फ अल्बर्टा स्प्रूस, एक खुजा सूचिपर्णी वृक्ष. थंड हवेच्या प्रदेशातली बागेतली रेल्वे त्याच्याशिवाय क्वचितच असते. वर्षाला ते काही सेंटिमीटरच वाढतं. 1904 साली कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात लगान इथे, म्हणजे आजच्या लेक लुईसजवळ, हार्वर्ड विद्यापीठाच्या अर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानाचे आल्फ्रेड रेडर आणि जे. जी. जॅक या दोघा वनस्पतिशास्त्रज्ञांना ते रानात सापडलं. त्यांची गाडी यायला उशीर होता, म्हणून ते स्टेशनाच्या आसपास फिरत होते, असं सांगतात. आज जगभरच्या छोट्या स्टेशनांच्या बाजूला हेच झाड उभं आहे. कुणी झाडाबद्दल विचारलं की मी ही हकीकत सांगते, आणि पुढचा प्रश्न हमखास इंजिनाबद्दल नसून झाडाबद्दल येतो.

हे झाड मूळच्या मोठ्या स्प्रूसमधला एक बदल आहे आणि तो बदल कधीकधी माघार घेतो. शंकूतून एखादी फांदी अचानक मोठ्या स्प्रूससारखी फोफावते. दिसली तर माळ्याला जरूर सांगा. ती मुळापासून कापावी लागते, नाहीतर काही वर्षांत मोठी फांदीच सगळं झाड व्यापते.

ही रेल्वे कोणत्या मापाची असते?

दोन रुळांमधलं अंतर बहुतेक ठिकाणी 45 मिलिमीटर असतं. लेमान या जर्मन कंपनीने 1968 मध्ये एलजीबी नावाने बागेत टिकणाऱ्या मोठ्या गाड्या बाजारात आणल्या, तेव्हापासून हे माप बागेत रुळलं. त्यांचं प्रमाण 1:22.5 आहे, म्हणजे मीटरगेजच्या गाडीचं रूप. हजार मिलिमीटरला साडेबावीसने भागा, 44.4 येतात.

हे एक गणित डोक्यात ठेवलं तर मांडणी बघायची मजा वाढते. 170 सेंटिमीटर उंचीचा माणूस इथे साडेसात सेंटिमीटरचा होतो. 15 मीटरचं झाड 67 सेंटिमीटरचं. गाडी सेकंदाला अर्धा मीटर जात असेल तर ती आपल्या मापात ताशी 40 किलोमीटरने चालली आहे, म्हणजे घाटातल्या पॅसेंजरसाठी बरोबर. पुष्कळ ठिकाणी गाड्या याहून जोरात पळवतात. मला तो वेग पटत नाही; डबे मोजून होण्याआधी गाडी निघून जाते.

वळणांच्या बाबतीत मात्र गणित मोडावं लागतं. बागेतलं सगळ्यात लहान प्रचलित वळण 60 सेंटिमीटर त्रिज्येचं. ते मोठं करून पाहिलं तर साडेतेरा मीटर होतं, इतक्या घट्ट वळणावर खरी गाडी वळणार नाही. म्हणून चांगली मांडणी करणारे वळणाच्या आतल्या बाजूला टेकडी किंवा झुडूप ठेवतात. पूर्ण वळण एका नजरेत दिसत नाही आणि गाडी कुठून तरी लांबून आली असं वाटतं.

आणि हो, त्याच 45 मिलिमीटरच्या रुळांवर वेगळ्या प्रमाणातल्या गाड्याही चालतात. 1:32 प्रमाणात ब्रॉडगेजपेक्षा अरुंद अशा 1435 मिलिमीटरच्या रुळांची प्रतिकृती होते. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन गाड्यांची उंची जुळत नसेल तर ती चूक असेलच असं नाही.

रुळांना हात लावला तर शॉक बसतो का?

रुळांमधून साधारण 18 ते 24 व्होल्टचा प्रवाह सोडतात, त्याने इजा होत नाही. तरीही हात लावू नये. आपल्या बोटाचा तेलकटपणा रुळाला लागतो आणि एखादा धातूचा दागिना दोन रुळांवर आडवा पडला तर पूर्ण मार्ग बंद पडतो. काही गाड्या बॅटरीवर चालतात, त्यांना रुळातून वीज लागत नाही. आणि काही इंजिनं खरोखर वाफेवर चालतात: आत छोटा बॉयलर, खाली गॅसची किंवा स्पिरिटची ज्योत. अशा इंजिनांचा दिवस जाहीर झाला असेल तर तो चुकवू नका. गरम तेलाचा वास, पाणी उकळल्याचा आवाज आणि थंड सकाळी इंजिनामागे रेंगाळणारी पांढरी वाफ, हे विजेच्या गाडीला देता येत नाही. ते इंजिन मात्र खूप तापतं, त्यामुळे मुलांना कठड्याच्या अलीकडेच ठेवा.

पाऊस आला तर गाड्या थांबतात का?

भुरभुर पावसात सहसा चालू राहतात. विजा चमकू लागल्या किंवा वारा सुटला की बंद करतात. पाण्यापेक्षा पानांचा त्रास जास्त. ओलं पान चाकाखाली चिरडलं की रुळावर बुळबुळीत थर बसतो आणि चढावर इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत राहतं. खऱ्या रेल्वेलाही पानगळीत हाच त्रास होतो.

गाडी घसरलेली दिसली तर काय करावं?

स्वतः उचलू नका, जवळच्या स्वयंसेवकाला सांगा. आम्हाला राग येत नाही, उलट मदतच होते, कारण पुढच्या फेरीला मागून येणारी गाडी तिच्यावर आदळू शकते. घसरण्याची कारणं लहान असतात: सांध्यात (गाडीला एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर नेणाऱ्या जोडात) अडकलेली काडी, गोगलगाय, रात्री खचलेली खडी, किंवा उन्हाने वाढलेला रूळ. पितळेचा दहा मीटर रूळ तापमान 30 अंशांनी वाढलं की पाच-सहा मिलिमीटरने लांबतो. जोडांमध्ये तेवढी फट सोडली नसेल तर तो कडेला वाकतो. दुपारी एक गाडी नेहमी एकाच जागी डुलते असं दिसलं, तर कारण बहुधा हेच असतं.

मुलांना घेऊन येताना काय लक्षात ठेवावं?

तुम्ही खाली बसा. ही एकच सूचना मी मनापासून करते. उभ्या माणसाला वरून नकाशासारखी मांडणी दिसते. मुलाच्या उंचीवरून बोगद्याचं तोंड समोर येतं, इंजिनाचा दिवा आतून उजळत येताना दिसतो आणि पुलाखालून पलीकडचं गाव दिसतं. मुलाला सारखं ‘ते बघ, हे बघ’ सांगण्यापेक्षा त्याच्या शेजारी बसून ते काय बघतं आहे ते बघा.

लहान मुलाला एक गाडी निवडू द्या आणि तिच्यामागे कठड्याने चालत जाऊ द्या. खूप गर्दी आणि आवाज सहन न होणाऱ्या मुलांसाठी काही उद्यानं शांत वेळ राखून ठेवतात. येण्याआधी विचारून घ्या. आणि निघायची वेळ आली की ‘आणखी एक फेरी’ असं सांगू नका, फेरी संपलेली त्यांना कळत नाही. ‘लाल डबा बोगद्यात गेला की निघायचं’ असं सांगा. हे बहुतेक वेळा जमतं.

व्हीलचेअर किंवा बाबागाडी नेता येते का?

बहुतेक उद्यानांत वाट सपाट असते, पण उघड्यावरच्या मांडणीत काही फाटे खडीचे किंवा पायऱ्यांचे असतात. काचघरातल्या वाटा अरुंद असल्यामुळे गर्दीच्या वेळी बाबागाड्या बाहेर ठेवायला सांगू शकतात. तसं झालं तर मूल उचलून घ्यावं लागेल, या तयारीने या. व्हीलचेअरवर बसलेल्यांना एक फायदा आहे: त्यांची नजर आपोआप योग्य उंचीवर असते.

फोटो चांगले कसे येतील?

कॅमेरा किंवा फोन रुळाच्या पातळीला आणा. वरून काढलेल्या फोटोत कठडे आणि माणसांचे पाय येतात, खालून काढलेल्यात झाडं आभाळाला टेकतात. फ्लॅश नको, त्याने दिव्यांचा उजेड मरतो. हिवाळ्यात बाहेरून काचघरात शिरलात की भिंगावर धुकं धरतं, ते पुसत बसू नका. दहा मिनिटं कॅमेरा पिशवीतच राहू द्या, तो आतल्या हवेइतका गरम झाला की धुकं धरत नाही. गाडीचा पाठलाग करण्यापेक्षा पुलावर नेम धरून ठेवा, गाडी येणारच आहे.

आमचं इंजिन आणून तुमच्या रुळांवर चालवता येईल का?

सहसा नाही. क्वचित एखाद्या ठिकाणी हौशी मंडळींसाठी दिवस ठेवतात, तेव्हा आधी विचारावं.

घरच्या बागेत असं काही सुरू करायचं असेल तर?

खर्चापेक्षा आधी जागा आणि पाणी बघा. जिथे पावसाचं पाणी साचतं तिथे रूळ टाकू नका. खाली खडी आणि वर कच असा थर दाबून बसवा, म्हणजे पाणी निघून जातं आणि रूळ हलत नाही. चढ शंभराला दोन-तीनच्या पुढे नेऊ नका; मीटरभरात तीन सेंटिमीटर एवढा चढही लांब गाडीला जड जातो. सुरुवातीला एक साधा वेढा आणि एक गाडी पुरे. सांधे, दुसरा मार्ग, पूल हे नंतर येतं.

झाडं तुमच्या हवेत टिकणारीच घ्या. ड्वार्फ अल्बर्टा स्प्रूसला उष्ण हवा मानवत नाही, कोरड्या उन्हात त्याला कोळी ही रस शोषणारी बारीक कीडही लागते. तुमच्याकडे बारीक पानांचं जे झुडूप बिनतक्रार वाढतं तेच छाटून घ्या. आणि लावण्याआधी ते कुंडीसकट रुळाशेजारी ठेवून गाडी दोनदा फिरवून बघा. सगळ्यात रुंद डबा वळणावर कुठे झुकतो ते पाहा, दोन वर्षांत फांदी किती पुढे येईल तेही धरा, आणि मगच खड्डा खणा.